बोटीच्या कडेपर्यंत

फोन वाजला तेव्हा मार्लिस एंगर दोन इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या पुलावरून दुकानाकडे परत निघाली होती. जेवणाची सुट्टी संपत आलेली, हातात सूपचा कागदी पेला, आणि खाली मिनियापोलिसचा रस्ता ऑक्टोबरच्या करड्या उजेडात ओला दिसणारा, पाऊस पडलेला नसूनही. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, आणि पलीकडून तिचा मेलेला भाऊ म्हणाला, "हॅलो? ऐकू येतंय का?"

सूप सांडलं. बुटावर, मोज्यावर, काचेपर्यंत. मागून येणारा एक माणूस "अरे अरे" करत बाजूला झाला आणि पुढे गेला. मार्लिस तशीच उभी. ऐकू येतंय का, हे वाक्य तर तिच्याच धंद्यातलं. श्रवणयंत्रांच्या त्या दुकानात आयुष्याची मधली सगळी वर्षं तिने म्हाताऱ्या कानांत ती चिमुकली यंत्रं बसवली होती, आणि प्रत्येक वेळी जरा मागे सरकून, ओठ हाताने झाकून, हाच प्रश्न विचारला होता. आवाजांची तिला पारख होती. आवाज गळ्यातून येतो असं लोकांना वाटतं, पण तो जबड्याच्या ठेवणीत असतो, टाळूच्या कमानीत असतो, नाकासारखा वाडवडिलांकडून येतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी त्या क्षणी त्या माहितीचा काही उपयोग झाला नाही. हॅल्वर बोलत होता. शब्दाच्या शेवटी किंचित खाली घसरणारा, आदल्या रात्री झोप झाली नसावी असा वाटणारा हॅल्वरचा आवाज. आता तो "काय गं म्हातारे" म्हणेल म्हणून ती थांबली. ती दहा वर्षांची असल्यापासून तो तिला म्हातारे म्हणायचा, आणि ती खरोखर म्हातारी व्हायला लागली तेव्हा म्हणायला तो नव्हता.

"मार्लिस आत्या? मी लेलंड. हॅल्वरचा लेलंड."

"हं," ती म्हणाली. आणि मग, "केवढा झालास रे."

हेही मूर्खासारखंच, कारण फोनवर काय दिसणार. शेवटचं पाहिलं तेव्हा तो पुढचे दोन दात पडलेला पोरगा होता. त्याची आई, लोरेट, हॅल्वर गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याला घेऊन ओमाहाला निघून गेली आणि एंगर घराण्यातल्या कुणालाही तिने पुन्हा दार उघडलं नाही. मार्लिसने पाठवलेल्या नाताळच्या भेटी पहिली काही वर्षं परत यायच्या. मग तिनेच पाठवणं सोडलं. आणि आता हा मोठा माणूस मेलेल्या माणसाच्या आवाजात सांगत होता की शनिवारी तो उत्तरेला लीच लेक या तळ्यावर चाललाय, मस्की नावाचा मोठा दातेरी मासा पकडायला, पहिल्यांदाच, आणि कुणाला काही विचारावं तर तिच्याशिवाय कुणी माहितीचं नाही.

"मस्की?" मार्लिस म्हणाली. "अरे, सुरुवात कुणी मस्कीने करतं का? गळाची काठी कुठली घेतलीस?"

त्याने सांगितलं. शेजाऱ्याने दिलेली.

"ती वॉलायची काठी, छोट्या माशांची. तिच्याने मस्की नाही निघणार, फार तर कुणाचा बुडालेला मोजा निघेल."

तो हसला. हसणं मात्र हॅल्वरचं नव्हतं. जाड, घरगुती, लोरेटच्या माहेरचं हसणं. मार्लिसला जरा श्वास घेता आला. ती पुलाच्या कठड्याला टेकली आणि सांगत सुटली. तिला स्वतःलाच नवल वाटलं, इतकं सगळं कुठे साठून राहिलं होतं. जाड काठी घे, तुझ्यापेक्षा उंच. दोऱ्याच्या टोकाला पोलादी तार हवीच, त्याचे दात बघशील तर कळेल, नुसता दोरा म्हणजे त्याला शेवई. जाळं इतकं मोठं घे की दुकानदार विचारेल गाय धरायला चाललास का. लांब नाकाची पक्कड, आणि गळ तोडायची कातर, ती नसेल तर जाऊच नकोस, कारण ते गळ माशाच्या जबड्यात जितके रुततात तितकेच माणसाच्या तळहातात रुततात. पाण्यावरची चकाकी मारणारा चष्मा. मासा मिळालाच तर पाण्यातच, जाळ्यातच सोडव. कल्ल्यांत बोटं घालून उभा लटकवून फोटो काढणारे असतात, तसलं काही करू नकोस, आडवा धर, पोटाखाली हात दे, आणि सोडताना शेपूट धरून थांब, तो आपणहून सुटून जाईपर्यंत. तळं फार मोठं आहे, समुद्रासारखं. सगळं हिंडायला जाऊ नकोस, एक कोपरा धर, वारा ज्या काठावर आपटतोय तो, गवताची कड, खडक. आणि दिवसभर काही लागणार नाही. दोन दिवस लागणार नाही. ते गृहीत धर.

"आणि आमिष बोटीपाशी आलं की उचलून घ्यायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. तो मागून येतो. न चावता नुसता मागून येतो, बोटीच्या कडेपर्यंत. काठीचं टोक पाण्यात खुपस आणि एकमेकांना चिकटलेली दोन मोठी वेटोळी काढत राहा. दर वेळी. दिसो न दिसो. आणि दिसला तर थबकू नकोस. माणूस थबकतोच, छातीत धस्स होतं. तू थबकलास की तो वळतो."

बोलता बोलता ती गप्प झाली, कारण तिच्या डोळ्यांसमोर तो मासा आला. पहिला. ती अकरा वर्षांची, हॅल्वर तिच्याहून धाकटा, वडील मागच्या फळीवर पाइप ओढत बसलेले, आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात हॅल्वरच्या लाकडी आमिषाच्या मागे, हातभर अंतरावर, एक लांब सावली. हालचाल नाही, घाई नाही. नुसती तिथे असणं. बोटीपाशी येऊन ती ओणवल्यासारखी खाली झाली आणि विरली. वडिलांना फार आनंद झाला, ते हॅल्वरची पाठ थोपटत राहिले. हॅल्वर पांढराफटक. "त्याने माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "लाकडाच्या माशाकडे बघितलं रे," वडील म्हणाले. "नाही. माझ्याकडे." परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये तो मार्लिसच्या अंगाला चिकटून बसला आणि हळूच म्हणाला, "म्हातारे, तो अजून येतोय मागे." तिने त्याला चिमटा काढला. तिला वाटलं, थट्टा करतोय.

ती शहरात आली, कानांचं शिकली, लग्न केलं, मोडलं. तो तळ्यावरच राहिला. हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा, उन्हाळ्यात शहरातल्या लोकांना मस्कीच्या मागे फिरवायचा. गिऱ्हाइकांचा लाडका. पण मधूनच काही दिवस असे यायचे की तो कुणाशीच बोलायचा नाही, अंघोळ करायचा नाही, खिडकीपाशी बसून राहायचा. वडील त्याला हॅल्वरचं हवामान म्हणायचे. आज हॅल्वरचं हवामान खराब आहे, जरा जपून. आणि एका नोव्हेंबरात, काठाकाठाने बर्फाची साय धरायला लागलेली असताना, तो इंजिन मंद चालू ठेवून आमिष मागे ओढत एकटाच निघाला. बदकं मारायला बसलेल्या कुणीतरी दुपारी पाहिलं: एक बोट, रिकामी, गोल गोल फिरतेय. इंजिन चालू. तेल संपेपर्यंत ती तशीच फिरत राहिली. मार्लिस पोचली तेव्हा बोट दोराने बांधून काठाकडे ओढून आणत होते. हॅल्वर मे महिन्यात मिळाला, बर्फ वितळल्यावर. पण गावात सगळा हिवाळा चर्चा झाली ती एकाच गोष्टीची. त्याचं लाइफ जॅकेट बोटीतच होतं, बाकाच्या उशीखाली, आणि त्याची घडी घातलेली होती. नीट घडी. हॅल्वरने जन्मात कधी कशाची घडी घातली नव्हती.

"आत्या? आहेस का?"

"आहे. बोल."

"आणि," लेलंड म्हणाला. हॅल्वरचा आवाज, शेवटाला घसरणारा. "बोटीतून पडू नये म्हणून काय करायचं?"

खाली रस्त्यावरून एक बस गेली. पूल किंचित थरथरला. मार्लिसला पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं वाटलं. ते तिला नवीन नव्हतं. या काचेच्या बोळांतून चालताना किती वर्षं ते येत होतं, तिच्याच चालीने, हातभर अंतर ठेवून. तिने स्वतःला नियम घालून घेतला होता की थांबायचं नाही आणि वळून बघायचं नाही. आज ती थांबलेली होती.

"तू एकटा चाललायस?" तिने विचारलं.

"हो."

"बायको?"

"तिला जानेवारीत बाळ होणार आहे. ती कुठे येते बोटीत."

"मग मी येते," मार्लिस म्हणाली. तो काहीतरी बोलायला लागला, नको म्हणून, उगाच त्रास म्हणून. "तुझ्या हातात ती वॉलायची काठी बघून मेलेला मासासुद्धा हसेल. मी येते म्हटलं ना. वॉकर गावाच्या धक्क्यावर भेट. शनिवारी सकाळी. उजाडल्यावर."

शुक्रवारी दुकान सुटल्यावर ती उत्तरेला निघाली. रस्ता तिचा पाठ होता आणि तरी प्रत्येक वळण तिला आधी कुणीतरी सांगितल्यासारखं वाटत होतं. वॉकरच्या मोटेलात ती कपड्यांनिशीच आडवी झाली. तिला एकच भीती होती: धक्क्यावर हॅल्वर उभा असेल. उंच, पाठीत वाकलेला, टोपी मागे सारलेला. आणि ती काय करेल. पण सकाळी धक्क्यावर जो माणूस हात वर करून तिच्याकडे आला तो बुटका होता, गुबगुबीत, डोक्यावरचे केस विरळ, लोरेटचे गोल डोळे. ओमाहात लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवायचं काम करायचा. नखांत सरस वाळलेला. त्याने तिला मिठी मारली, अवघडून, आणि ती सैल झाली. हा हॅल्वर नव्हताच. मग तो तिच्या खांद्यावरून बोलला, "तू आलीस, बरं वाटलं," आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

बोट भाड्याने देणाऱ्या बाईने लाइफ जॅकेटं दिली. मार्लिसने आपलं चढवलं, पट्टे आवळले, मग त्याचे आवळले. जोरात. त्याला खोकला आला. "आत्या, मला श्वास घ्यायचाय अजून." "घे. पण यातच घे." इंजिन बंद पाडणारी दोरी तिने त्याच्या मनगटाला अडकवली. "माणूस गेला की ही निसटते आणि इंजिन बंद पडतं. बोट तुला सोडून जात नाही." हे वाक्य तोंडातून निघाल्यावर दोघेही जरा वेळ दुसरीकडे बघत राहिले.

ढग खाली आलेले. वारा वायव्येचा, फार नाही. तिने त्याला पश्चिमेच्या एका उथळ खडकाकडे नेलं, जिथे वडील न्यायचे, आणि इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडली. तिची जुनी जाड काठी तिने लेलंडला दिली होती. फेक, ओढ, कडेला आणून वेटोळी काढ, उचल, फेक. त्याची पहिली फेक त्याच्याच टोपीला लागली. दुसरी बोटीच्या मागे गेली. "आता पाण्यात एक टाकून बघ," मार्लिस म्हणाली. तासाभराने त्याला लय सापडली. ती पुढच्या बाकावर त्याच्याकडे पाठ करून बसली, कारण तसं बसलं की आवाजाला चेहरा नसायचा, आणि मग पाठीमागे कोण बोलतंय ते आपल्या मनावर होतं. ते बरोबर नाही हे तिला कळत होतं. तरी ती तशीच बसली. तो बाळाबद्दल बोलला. बायकोला सध्या फक्त लोणच्यातली काकडी आणि भाजलेलं मांस खावंसं वाटतं त्याबद्दल बोलला. गारठलेल्या बोटांवर फुंकर घालताना त्याचा आवाज तुटायचा, तेव्हा तर अगदी हॅल्वर. मार्लिस पाण्याकडे बघत हं हं करत होती. तिला वाटलं, आपण सुखी आहोत. आणि लगेच भीती वाटली.

दुपारच्या सुमारास, डबाबंद सार्डिन आणि बिस्किटं खाऊन झाल्यावर, त्याने काठी मांडीवर आडवी घेतली.

"ते इथेच झालं का?"

"नाही. त्या टोकाच्या पलीकडे."

"आईने मला मागच्या महिन्यात सांगितलं," तो म्हणाला. "आधी नेहमी अपघात म्हणायची. आता बाळ होणार म्हणून असेल, मला समोर बसवून म्हणाली, लेलंड, तुझ्या बापाने उडी मारली. त्याला आपण नको होतो. तुला माहीत असायला हवं, कारण तुझंही तसंच आहे."

मार्लिस वळली. वळावंच लागलं. "तुझं काय तसंच आहे?"

"माझेही दिवस असतात," तो म्हणाला. "लहानपणापासून. कपाट अर्धं लावून मी लोकांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहतो. काही वाईट वाटतं असं नाही. काहीच वाटत नाही. बायको म्हणते डॉक्टरकडे जा, मी जातो, गोळ्या घेतो. बरं असतं मग. पण मला वाटलं एकदा इथे यावं. एकट्याने. पाण्याकडे बघावं आणि बघावं की मला..." त्याने वाक्य सोडून दिलं. "म्हणून तुला फोन केला. मासे नुसतं निमित्त. मग तू इतकं सांगत बसलीस जाळ्याचं आणि पकडीचं, मला लाजच वाटली."

तिच्या अंगातून काहीतरी सावकाश उतरत गेलं. म्हणजे त्या पुलावर, बोटीतून पडण्याच्या त्या प्रश्नात, तिला जे ऐकू आलं होतं ते खरंच ऐकू आलं होतं. त्याला काय सांगणार? उडी मारली नाही, असं? तिला काय माहीत? इतकी वर्षं तिने त्या जॅकेटची घडी मनात उलगडली होती आणि पुन्हा घातली होती. लोरेटने घातली असेल, आदल्या दिवशी. गारठ्यात हात गुंतवायला काहीतरी हवं म्हणून त्यानेच घातली असेल. की ज्याला पुन्हा लागणार नाही अशी वस्तू माणूस नीट ठेवतो तशी ठेवली असेल. दर वेळी शेवटी ती तिथेच येऊन थांबायची.

"मला माहीत नाही लेलंड," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. तुझ्या आईलासुद्धा."

तो मान हलवत राहिला. मग काहीतरी करायला हवं म्हणून उठला आणि त्याने आमिष फेकलं. लांब, स्वच्छ, दिवसातली सगळ्यात चांगली फेक. ओढत आणलं. काठीचं टोक पाण्यात घातलं, पहिलं वेटोळं काढलं, आणि त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

तो होता. आमिषामागे, हातभर अंतरावर, काळपट हिरवा, माणसाच्या पायाएवढा लांब आणि तसाच जाड. डोळे वरच्या बाजूला. मार्लिसला ते दिसले.

"थांबू नकोस," ती कुजबुजली. "फिरव. फिरव. वळण मोठं घे. माझ्याकडे बघू नकोस."

लेलंड थांबला नाही. दुसरं वेटोळं, तिसरं. सावली वळणावर आतून सरकली, आणि पाणी फुटलं. काठी बोटीच्या कडेवर आदळली. तो ओरडत होता, देवाला, बायकोला, आत्याला, सगळ्यांना एकदम. मार्लिस जाळं घेऊन कडेशी आली. तिच्या गुडघ्यांना वय राहिलं नाही. "डोकं वर येऊ दे, त्याला दमू दे, दोरा सैल सोडू नकोस रे माठ्या, आता इकडे आण, इकडे," आणि मासा खरंच तिच्याकडे आला, तिने जाळं पाण्यात दाबलं, पुढे वाकली, आणखी वाकली, माशाने एकदा मान झटकून बोटीखाली बुडी मारली, जाळ्याची दांडी त्याच्याबरोबर गेली, एक लाट नेमकी त्याच वेळी दुसऱ्या बाजूने आली, आणि जिथे बोट होती तिथे काही नव्हतं.

गार हा शब्द त्या पाण्याला पुरा पडत नव्हता. छातीवर कुणी दार लोटावं तसं झालं. श्वास आत गेला आणि बाहेर येईना. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागतं ते सगळंच बंद पडलं होतं. जॅकेटने तिला वर आणलं, लाट तोंडावरून गेली, आणि मग, ज्याचं तिला नंतर आयुष्यभर आश्चर्य वाटत राहिलं, सगळं शांत झालं. पाण्यात कुठलाच आवाज नव्हता. पाठीमागे कुणी नव्हतं. म्हणजे इथे होतास होय, असं तिच्या मनात आलं, रागाने नाही, एखादी हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसं. तिला विचारायचं काही उरलं नाही. ती जायला तयार होती. तिने मनातल्या मनात हो म्हटलंसुद्धा. आणि त्याच वेळी तिला कुठूनतरी वरून लेलंडचा आवाज ऐकू यायला लागला. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडत होता.

"हात सोड! आत्या, हात सोड, मी धरलंय तुला! सोड ना!"

तिला कळेना कसला हात. मग तिने पाहिलं. तिचा उजवा हात तिच्या डोक्याच्या वर होता. त्याने बोटीची कड पकडली होती. कधी पकडली, कुणी सांगितलं, तिला काही ठाऊक नव्हतं. बोटं पांढरी पडलेली, एक नख मुळापासून उलटलेलं, आणि पकड अशी की लेलंडला ती सुटत नव्हती. त्याने तिला जॅकेटच्या खांद्याला धरलं होतं, वर खेचायचं होतं, पण हात बोटीला सोडायला तयार नव्हता. तिने सोडायचा प्रयत्न केला. हाताने ऐकलं नाही. शेवटी लेलंडने एकेक बोट उकललं, रडत, शिव्या देत, आणि दोन्ही पट्ट्यांना धरून तिला कडेवरून आत ओढलं. ती बोटीच्या तळाशी पडली, तोंड उघडत, मिटत.

लेलंडने बोट धक्क्याकडे वळवली. इंजिन पूर्ण वेगात आणि लेलंडचा कोट तिच्यावर, आणि तो सदऱ्यात. बोटवाल्या बाईने घोंगड्या आणल्या, तिचे ओले कपडे उतरवून तिला कुणाचीतरी पुरुषी लोकरी पँट घातली, अँब्युलन्स बोलावू का विचारलं, मार्लिसने नको म्हटलं, बाईने तिच्या चेहऱ्याकडे आणि ओठांकडे बराच वेळ बघून मग ते मान्य केलं. लेलंडच्या ट्रकमध्ये हीटर पूर्ण सोडलेला. कॉफीचा पेला तिला धरता येईना, तो त्याने धरला आणि तिच्या ओठांना लावला.

"मासा?" तिचे दात वाजत होते.

"गेला. काठीसकट गेला."

"माझी काठी?"

"तुझी काठी. मी टाकूनच दिली गं. कळलंच नाही."

ती हसायला लागली. तोही. मग त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून आतून वेगळं काहीतरी झालं, आणि तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. काचांवर वाफ धरली होती. बाहेरचं तळं दिसत नव्हतं.

"लेलंड," ती म्हणाली. "इकडे बघ. मी आता सांगते ते मला एकदाच सांगता येईल, म्हणून नीट ऐक. पाण्यात पडले ना, तेव्हा मला जायला हरकत नव्हती."

त्याने मान वर केली.

"घाबरू नकोस. खरं तेच सांगते. मी मनाने हो म्हटलं होतं. बरं वाटत होतं. आणि हा," तिने घोंगडीतून उजवा हात बाहेर काढला, बोटवाल्या बाईने बोटाला गुंडाळलेलं फडकं लाल झालेलं, "हा मला विचारायला आला नाही. मी तिकडे निघाले होते आणि हा इथे बोटीची कड धरून बसला होता. तुला सुटला नाही. सुटला का?"

"नाही."

"तुझ्या बापाच्या मनात त्या दिवशी काय होतं ते मला माहीत नाही. आजही नाही. असेलही तेच. त्याचं हवामान वाईट होतं त्या आठवड्यात. पण एकदा पाण्यात गेल्यावर मनात काहीही असो, त्याच्या हातांनी शोधली असणार बोट. तुम्ही नको होतात असं नाही. त्याचे हात परत येत होते रे. हे मला आता माहीत आहे. मी बघून आलेय."

त्याने तिच्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी वर ओढली. मग हॅल्वरच्या आवाजात, आणि आता त्या आवाजाचं तिला काही वाटलं नाही, तो म्हणाला, "आणि मिळाली नसेल."

"नाही," मार्लिस म्हणाली. "मिळाली नसेल."

हीटर घुमत होता. लेलंडने स्टिअरिंगवरचे आपले हात उचलले आणि समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. जाड, आखूड बोटं, नखांत वाळलेला सरस, तळव्यावर दोऱ्याने कापल्याची ताजी रेघ. नुकतंच कुणीतरी ते त्याच्याकडे सांभाळायला दिले असावेत तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला. मार्लिसने त्याला घाई केली नाही. तिच्या पायांत आता कळ यायला लागली होती, म्हणजे रक्त परत येत होतं, आणि ते फार दुखत होतं.

"बायकोला फोन करायला हवा," शेवटी तो म्हणाला.

"कर."

"काय सांगू?"

"सांग, दिवसभर काही लागलं नाही," मार्लिस म्हणाली. "आणि जेवायला घरी येतोयस उद्या."